वाचकांचे प्रश्न : नाताळच्या सुट्टीतील पाहुण्यांसाठी पेये

नाताळ आणि नववर्षाच्या सुट्ट्यांत घरी येणाऱ्या पाहुण्यांना प्यायला काय द्यावे, याविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत.

प्रश्न : सुट्टीतील एका संध्याकाळी आमच्याकडे पंधरा माणसे येणार आहेत. काही जण मद्य घेतात, काही अजिबात घेत नाहीत, शिवाय चार लहान मुले आहेत. प्रत्येकासाठी वेगळे पेय करत बसले तर माझी संध्याकाळ स्वयंपाकघरातच जाईल. काही उपाय सुचवाल का?

उत्तर : पातेल्यात सर्वांसाठी एकच बिनमद्याचे पेय करावे आणि मद्य बाजूला वेगळ्या सुरईत ठेवावे, हा माझ्या मते सर्वांत सुटसुटीत मार्ग आहे. यासाठी सफरचंदाचा रस उत्तम, कारण तो गरम केल्यावर फाटत नाही, त्याची चव बिघडत नाही आणि मसाल्याशी त्याचे चांगले जुळते. पंधरा जणांसाठी ३ लिटर रस घ्यावा. १५० मिलिलिटरचे साधारण वीस पेले होतात, म्हणजे काहींना दुसऱ्यांदाही देता येते. त्यात दालचिनीचे बोटभर लांबीचे तीन तुकडे, आठ-दहा लवंगा, दोन चक्रफुले, आल्याचा एक ठेचलेला तुकडा आणि एका संत्र्याची पातळ काढलेली साल घालून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे ठेवावे. वाफ येत राहावी, पण खळखळून उकळी फुटू नये.

मसाला अख्खाच घ्यावा. दळलेली दालचिनी कितीही गाळली तरी रस गढूळ करते आणि प्रत्येक पेल्याच्या तळाशी गाळ बसतो. सालीच्या आतला पांढरा भाग कडू असतो, म्हणून सोलताना हात हलका ठेवावा. भांडे स्टेनलेस स्टीलचे असावे. आंबट रस तांब्या-पितळेच्या उघड्या धातूवर तापवला तर धातू त्यात उतरतो. हे सारे आदल्या दिवशी करून, मसाला गाळून काढून, थंड जागी ठेवता येते. पाहुणे आले की केवळ गरम करायचे.

ज्यांना हवे असेल त्यांनी आपल्या पेल्यात ३० मिलिलिटर रम किंवा ब्रँडी घालून घ्यावी. मद्य पातेल्यात न घालण्याचे कारण केवळ मुले हे नाही. गाडी चालवणारा, औषधे घेणारा किंवा त्या दिवशी नको वाटणारा पाहुणा कोणाला काही न सांगता इतरांसारखाच पेला हातात घेऊ शकतो, ही सोय मला अधिक मोलाची वाटते.

प्रश्न : मसाला घालून गरम केलेली रेड वाइन मी दोनदा करून पाहिली आणि दोन्ही वेळा ती कडू झाली. उकळल्यावर दारू उडून जाते, तेव्हा ती सर्वांना चालते, असे एका स्नेह्यांनी सांगितले. ते खरे आहे का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तेथील गैरसमज घातक ठरू शकतो. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला, म्हणजे पाण्याच्या आधी उकळतो हे खरे. पण पाण्यात मिसळलेला मद्यार्क त्या तापमानाला एकदम निघून जात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळून शिजवलेल्या मद्यार्कापैकी १५ मिनिटांनंतर सुमारे ४० टक्के, तासाभरानंतर २५ टक्के आणि अडीच तासांनंतरही ५ टक्के उरतो. गरम वाइन तर आपण इतकी शिजवतही नाही, तेव्हा ती वाइनच राहते. जे मद्य घेत नाहीत त्यांना ती देऊ नये. ‘अल्कोहोलविरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वाइनमध्येही अनेक देशांच्या नियमांनुसार ०.५ टक्क्यापर्यंत मद्यार्क असू शकतो. धार्मिक कारणाने मद्य वर्ज्य करणाऱ्या पाहुण्यांसाठी लेबल वाचूनच बाटली निवडावी.

आता कडूपणाविषयी. मीही एकदा वाइन लवंगांसह तासभर उकळत ठेवली होती. शेवटी दातदुखीच्या औषधाच्या चवीचे ते पातेले मोरीत ओतावे लागले. मसाल्याला उकळी लागते आणि वाइनला ती सोसत नाही, म्हणून दोघांना वेगळे हाताळावे. एक पेला पाण्यात १०० ग्रॅम साखर, दालचिनी, चार-पाच लवंगा आणि संत्र्याची साल घालून दहा मिनिटे उकळावे व गाळावे. मग या पाकात ७५० मिलिलिटरची एक बाटली ओतून, कडेने वाफ दिसू लागेपर्यंतच तापवावे. महाग, जुनी वाइन यासाठी वापरणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी. साधी, फळांच्या चवीची वाइन पुरते. जर्मनीत नाताळच्या बाजारांतून हीच ‘ग्लूवाइन’ म्हणून मिळते, तर स्वीडनमध्ये तिच्या ‘ग्लग’ या भावंडात बेदाणे आणि सोललेले बदाम टाकतात.

प्रश्न : एगनॉग या दूध, साय आणि साखरेच्या नाताळातील पेयात कच्ची अंडी असतात. रम घातली की त्यातील जंतू मरतात का? अंडी न खाणाऱ्यांसाठी तसेच काही करता येईल का?

उत्तर : रमवर भिस्त ठेवू नये. दूध, साय आणि साखरेत मिसळल्यावर मद्य इतके सौम्य होते की लगेच प्यायच्या पेयात ते साल्मोनेला या कच्च्या अंड्यांत आढळू शकणाऱ्या जंतूंचा बंदोबस्त करील याची खात्री नसते. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांच्या बाबतीत तर हा धोका पत्करूच नये. अंडी शिजवून घ्यावीत. सहा पिवळे बलक १०० ग्रॅम साखरेबरोबर फेटावेत, त्यांत ७५० मिलिलिटर गरम दूध बारीक धारेने, सतत ढवळत ओतावे आणि मिश्रण पुन्हा मंद आचेवर ठेवून ७१ अंशांपर्यंत न्यावे. ८२ अंशांच्या पुढे गेले तर बलकाचे गोळे होऊ लागतात, म्हणून स्वयंपाकाचा थर्मामीटर असल्यास तो येथे कामी येतो. नसल्यास लाकडी चमच्याच्या पाठीवर मिश्रणाचा थर बसून बोटाने ओढलेली रेघ टिकेपर्यंत शिजवावे. मग २५० मिलिलिटर साय आणि किसलेले जायफळ घालून फ्रिजमध्ये थंड करावे. टेबलावर दोन तासांपेक्षा अधिक काळ राहिलेले एगनॉग टाकून द्यावे.

अंडी नको असल्यास तेवढ्याच दुधाला दोन चमचे कॉर्नफ्लोअर लावून दाटपणा आणावा. जायफळ मात्र ताजे किसावे. एगनॉगची ओळख अंड्यापेक्षा त्या वासातच अधिक आहे.

प्रश्न : हॉट चॉकलेटमध्ये कोकोच्या गुठळ्या राहतात.

उत्तर : कोको थेट दुधात टाकू नये. १ लिटर दुधासाठी ५० ग्रॅम कोको, तेवढीच साखर आणि चिमूटभर मीठ थोड्या गरम पाण्यात कालवून गुळगुळीत लगदा करावा व तो दुधात मिसळावा.

प्रश्न : फळांचे पंच सुरुवातीला छान लागते, पण तासाभरात पाणचट होते आणि त्यातील सोड्याचा फसफसाट जातो.

उत्तर : दोन्हीचे मूळ बर्फात आणि वेळेत आहे. बर्फाचे लहान खडे लवकर वितळतात. त्याऐवजी वाडग्यात किंवा केकच्या साच्यात एकच मोठा गोळा आदल्या रात्री गोठवावा. पाण्याऐवजी रसच गोठवला तर आणखी चांगले. वायू थंड द्रवात अधिक टिकतो, म्हणून सोडा आणि रस दोन्ही आधी गार करून ठेवावेत, आणि सोडा पाहुणे टेबलाजवळ आल्यावरच, भांड्याच्या कडेने हळू ओतून, एकदाच ढवळावे. मोठे भांडे एकदम भरण्यापेक्षा निम्मे-निम्मे दोनदा करावे.

प्रश्न : मधुमेह असलेल्या पाहुण्यांना साध्या पाण्याखेरीज काय देता येईल?

उत्तर : फळांचा रस ‘नैसर्गिक’ असला तरी त्यांच्यासाठी तो साखरच आहे, २०० मिलिलिटर सफरचंदाच्या रसात सुमारे २० ग्रॅम साखर असते. लाल अंबाडीच्या वाळलेल्या बोंडांचा काढा मी सुचवीन. तो गडद लाल आणि आंबटसर असतो, त्यात कॅफीन नसते. दालचिनी व संत्र्याच्या सालीसह पाच मिनिटे उकळून गाळला, की काचेच्या पेल्यात तो वाइनइतकाच देखणा दिसतो. पेला आधी कोमट पाण्याने विसळून घ्यावा, म्हणजे गरम काढा ओतताना काच तडकणार नाही.