सेफ्टी लावलीय ना, म्हणून निश्चिंत राहू नकोस

इंदूरला नेमबाजीच्या रेंजवर यायला लागलास, छान. पण पिस्तुलाच्या सेफ्टीच्या कळीवर विसंबू नकोस. ती बहुतेक पिस्तुलांत चाप नाहीतर सियर (गोळी उडवणारा भाग रोखून धरणारा आतला खटका) अडवते, एवढंच. ती झिजते, होल्स्टरला, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाला, घासून नकळत सरकते. ग्लॉक पिस्तुलाला तर अंगठ्याने फिरवायची सेफ्टीच नसते.

रिकामं करताना नळी टार्गेटकडे, बोट चापाच्या कड्याबाहेर, फ्रेमवर सरळ. आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढ. मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे अडकव, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची गोळीची जागा) डोळ्यांनी बघ, करंगळीने चाचप. क्रम उलटलास तर घात! आधी स्लाइड ओढली की चेंबरमधली गोळी बाहेर पडते खरी, पण पुढे जाताना स्लाइड मॅगझिनमधली दुसरी आत ढकलते. मग मॅगझिन काढून ‘झालं रिकामं’ म्हणत चाप दाबणारे महाभाग असतात. कोल्टच्या ‘१९११’ मॉडेलच्या पद्धतीच्या पिस्तुलात तर सेफ्टी लागलेली असताना स्लाइड हलतच नाही. म्हणजे नेमकी तपासायच्या वेळीच ती काढावी लागते. तिथे बोटाची शिस्तच कामाची.

दुसऱ्याने तपासून दिलेलं पिस्तूलही पुन्हा तपास, तो कितीही जुना नेमबाज असो. एअर पिस्तूल ठेवताना नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी) घाल. आणि पोह्यांवर तुटून पडण्याआधी हात साबणाने धू, बोटांवर शिसं असतं.