दप्तरांची सूची संकेतस्थळावर दाखवण्यासाठी एकच मोठी स्टाइलशीट (नोंदींचे वेबपानात रूपांतर करणाऱ्या नियमांची फाईल) लिहावी की तिचे तुकडे करावेत?

तुकडे करावेत, आणि पहिला तुकडा दर्शनी शब्दांचा, म्हणजे ‘पेटी’सारख्या वाचकाला पानावर दिसणाऱ्या शब्दांचा, असावा. आपली सूची ईएडी २००२ मध्ये (दप्तरांच्या सूची एक्सएमएल या खुणांच्या भाषेत नोंदवण्याच्या प्रमाणाची २००२ ची आवृत्ती) तयार असून ‘एक्सएसएलटीची (स्टाइलशीट लिहिण्याच्या भाषेची) एकच फाईल सांभाळायला सोपी’ असे आपल्याला सांगण्यात आले आहे, असे आपण लिहिले आहे. नेमके हेच वाक्य मी नागपुरात काही वर्षांपूर्वी ऐकले आणि मान्य केले, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या संग्रहात भोसलेकालीन मोडी कागद आहेत आणि मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काळातील फायलीही आहेत. मोडी कागद कापडात बांधलेले असतात व त्या बांधणीला रुमाल म्हणतात. फायली पेट्यांत असतात. बाहेरून नेमलेल्या कंपनीने परदेशी नमुन्यावरून सुमारे दोन हजार ओळींची स्टाइलशीट बेतून दिली आणि तिने सरसकट सर्वत्र ‘पेटी’ छापले. अमरावतीहून आलेल्या एका अभ्यासक बाईंनी संकेतस्थळावर पाहून मागणीपत्रावर ‘पेटी १४’ असे लिहिले. सहकाऱ्याने पेटी १४ काढून दिली. तीत जंगल खात्याचा पत्रव्यवहार निघाला. त्यांना हवा असलेला शके १७७५ चा कागद रुमाल १४ मध्ये, दोन फडताळे पलीकडे, बांधलेलाच राहिला आणि बाई संध्याकाळच्या गाडीने रिकाम्या हाती परतल्या.

नोंदी करताना आम्ही कंटेनरच्या, म्हणजे कागद कशात ठेवला आहे ते सांगणाऱ्या घटकाच्या, टाइप या गुणधर्मात ‘रुमाल’ असे चोख भरले होते, पण स्टाइलशीट तो गुणधर्म वाचतच नव्हती. दुरुस्तीला बसलो तेव्हा कळले की सी०१ ते सी१२ या, सूचीत एकीच्या पोटात एक येणाऱ्या नोंदींच्या, बारा पातळ्यांसाठी एकच नियम बारा वेळा उतरवलेला आहे. मी नऊ ठिकाणी बदल केला, तीन नजरेतून सुटली, आणि खोलवरच्या नोंदींत पुढेही कित्येक दिवस ‘पेटी’च दिसत राहिली. फाईल एक असली म्हणजे दुरुस्तीची जागाही एकच असते, हा कंपनीच्या प्रतिनिधीचा युक्तिवाद मला तेव्हा खोडता आला नव्हता; तो साफ चुकीचा होता.

आता आमची मुख्य फाईल अगदी लहान आहे. ती परिचयाचा भाग, घटकांची उतरंड आणि तारखा अशा तीन फायली इम्पोर्ट करते, म्हणजे स्वतःला जोडून घेते. उतरंडीत सर्व पातळ्यांसाठी एकच नियम आहे व तो आपल्या पोटातील घटकांवर पुन्हा स्वतःच लागू होतो. दर्शनी शब्द वेगळ्या एक्सएमएल फाईलमध्ये असून डॉक्युमेंट या फंक्शनने वाचले जातात, त्यामुळे दप्तरखान्यातील माणूस संगणकतज्ज्ञाला न विचारता ते बदलू शकतो. तारखेच्या बाबतीत वाचकाला ‘शके १७७५’ हेच दिसावे आणि क्रमवारी मात्र नॉर्मल या गुणधर्मातील इसवी सनावरून लागावी. हे काम स्वतंत्र फाईलमध्ये असल्याशिवाय नीट होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

फाईल जोडण्याची इन्क्लूड ही दुसरी आज्ञा न वापरता इम्पोर्ट वापरा. इम्पोर्ट केलेल्या नियमापेक्षा इम्पोर्ट करणाऱ्या फाईलमधील नियम वरचढ ठरतो, त्यामुळे एखाद्या संग्रहाला वेगळी मांडणी हवी असल्यास मूळ फाईलला हात न लावता तेवढाच नियम वरच्या फाईलमध्ये लिहिता येतो. इन्क्लूडमध्ये दोन्ही नियम समान पातळीवर येतात आणि त्यांत संघर्ष उद्भवतो. एक्सएसएलटीच्या १.० व २.० या आवृत्त्यांत इम्पोर्टच्या ओळी मात्र स्टाइलशीटमध्ये सर्वांत आधी याव्या लागतात.

आपल्याकडे एकाच संग्रहाची छोटी सूची असेल, तर एवढा खटाटोप लगेच करण्याची गरज नाही. शब्दांची फाईल तेवढी आजच वेगळी काढा. रूपांतर वाचकाच्या ब्राउझरवर सोपवू नका, आपल्याच सर्व्हरवर आधी करून तयार एचटीएमएल द्या. ईएडी३ या नंतरच्या आवृत्तीकडे कधी वळावे, हा आपला दुसरा प्रश्न मी बाजूला ठेवतो. कंटेनरच्या नोंदी आधी आपल्या फडताळांशी ताडून पाहा, कारण टाइप चुकीचा भरलेला असेल तर कोणतीही स्टाइलशीट रुमालाला रुमाल म्हणणार नाही.