ड्रायव्हर नवा, पण लायब्ररी जुनीच उचलतोय

प्रश्न: पोस्टग्रेस १४ या डेटाबेसचा नवा सर्व्हर लावलाय. पायथनचा सायकोपीजी२ ड्रायव्हर सोर्समधून कंपाइल केला, एकही एरर नाही, पण कनेक्ट करायला गेलं की स्क्रॅम ऑथेंटिकेशनला (पासवर्ड तपासायची नवी पद्धत) लिबपीक्यू (ड्रायव्हर जिच्यातून सर्व्हरशी बोलतो ती लायब्ररी) १० किंवा त्यावरचं लागतं असं सांगून बंद. नवं लिबपीक्यू टाकलंय हो मी, ड्रायव्हर तीनदा काढून परत टाकला तरी तेच. सर्व्हरवरच एमडी५, म्हणजे पासवर्डची जुनी पद्धत, करून टाकू का?

उत्तर: एमडी५ अजिबात करू नका, ते कमकुवत आहे आणि तुमचा सर्व्हर बरोबरच वागतोय. स्क्रॅम पोस्टग्रेस १० मध्ये आलं, १४ पासून नवे पासवर्ड बाय डिफॉल्ट त्यातच साठवले जातात, म्हणून इतके दिवस चाललेलं आता अडलं.

तुमच्या मशीनवर बहुतेक दोन लिबपीक्यू आहेत. कंपाइल करताना ड्रायव्हर पीजी_कॉन्फिगला (पोस्टग्रेसच्या फाईली कुठेत ते सांगणारी कमांड) विचारतो की हेडर कुठेत, लायब्ररी कुठेय, आणि पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) जो पीजी_कॉन्फिग आधी सापडेल त्याचंच ऐकतो. पण तो नवा असला तरी काम संपलं असं नाही, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. ९.६ ची लायब्ररी म्हणजे लिबपीक्यू.एसओ.५.९ आणि १४ ची ५.१४, पण ड्रायव्हरच्या आत नाव लिहिलेलं असतं फक्त लिबपीक्यू.एसओ.५, दोन्हींचं सारखंच, त्यामुळे चालवताना लोडरला (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी शोधून जोडणारा) जी आधी दिसेल ती तो गुपचूप उचलतो, कुठलीही वॉर्निंग न देता.

म्हणून अंदाज बांधत बसू नका, आकडे बघा. पायथनमध्ये सायकोपीजी२ चं __लिबपीक्यू_व्हर्जन__ प्रिंट करा, हा कंपाइलच्या वेळचा आकडा, आणि एक्स्टेन्शन्समधलं लिबपीक्यू_व्हर्जन() फंक्शन चालवा, हा आत्ता लोड झालेल्या लायब्ररीचा. ९०६२४ आलं तर ते ९.६.२४. दुसरा आकडा एक लाखाच्या खाली असेल तर स्क्रॅम चालणारच नाही. दोन्ही जुने असतील तर पाथमध्ये नव्या पीजी_कॉन्फिगचा फोल्डर पुढे आणा. पहिला नवा आणि दुसरा जुना आला तर गडबड लोडरची, मग ड्रायव्हरच्या एसओ फाईलवर एलडीडी ही कमांड चालवा, कुठल्या फोल्डरमधून उचलतंय ते सरळ दिसेल. तिथे कंपाइल करतानाच लिंकरला आरपाथ देऊन नव्या फोल्डरचा पत्ता आत लिहून ठेवणं मला सगळ्यात खात्रीचं वाटतं, कारण एलडी_लायब्ररी_पाथ (लोडरला फोल्डर सांगणारं सेटिंग) एका टर्मिनलमध्ये सेट करता आणि सर्व्हिस रीस्टार्ट झाली की तिला ते माहीतच नसतं.

आणि तीनदा टाकून काही बदललं नाही त्याचं कारण बहुधा पिपची (पायथनची पॅकेजेस बसवणारं टूल) कॅशे. एकदा बनवलेलं व्हील (कंपाइल झालेलं तयार पॅकेज) पिप जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी कंपाइल न करता तेच परत बसवतं, सेकंदात इन्स्टॉल झालं असेल तर समजा हेच झालंय. नो-कॅशे-डिर आणि नो-बायनरी दोन्ही ऑप्शन देऊन परत बनवा, जुन्या लायब्ररीवर नव्या नावाची सिमलिंक वगैरे मात्र लावू नका, नाव बदललं तरी आत स्क्रॅमचा कोड येत नाही. मग ते दोन आकडे परत प्रिंट करून बघा, दोन्ही १४०००० च्या वर आले की कनेक्ट करा.