पुन्हा तोच लपून बाण मारणारा

प्रश्न : ‘स्कायरिम’ हा व्हिडिओ गेम मी आतापर्यंत चार वेळा नव्याने सुरू केला. दर वेळी जादूगार व्हायचे ठरवतो. पण दहा-पंधरा तासांनी पाहावे, तर मी अंधारात दबा धरून बाणच मारत असतो. मला साजेशी खेळण्याची पद्धत कशी शोधावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : 2011 साली हा गेम आला तेव्हापासून असंख्य खेळाडूंची गाडी याच स्टेशनात येऊन थांबते, त्यामुळे दोष स्वतःकडे घेऊ नका. येथे आरंभी योद्धा, जादूगार किंवा चोर असा वर्ग निवडावा लागत नाही. एकूण 18 कौशल्यांपैकी जे तुम्ही वापराल, तेच वाढते. लपून मारलेला बाण मुळातच दुप्पट इजा करतो, ‘डेडली एम’ हा पर्क (लेव्हल वाढल्यावर निवडता येणारी खास क्षमता) घेतल्यावर तिप्पट, आणि नेम चुकला तरी शत्रू जवळ येईपर्यंत सावरायला वेळ मिळतो. याउलट आगीच्या मंत्राची इजा नुसते कौशल्य वाढल्याने वाढत नाही, फक्त मॅजिका, म्हणजे मंत्रांसाठी लागणारी शक्ती, कमी खर्च होते. ब्लीक फॉल्स बॅरोच्या भुयारात मॅजिका संपली आणि ड्रॉगर (थडग्यातून उठलेला मुडदा) कुऱ्हाड उगारून अंगावर आला, की हात आपसूक धनुष्याकडे जातो. तुमचा जादूगार दर वेळी मरतो तो तिथे.

तेव्हा पाचव्यांदा नवी सुरुवात करण्यात अर्थ नाही. व्हाइटरन शहरातले ब्रीझहोम हे घर 5000 सुवर्णमुद्रांना मिळते. ते घेतले असेल, तर धनुष्य तिथल्या पेटीत ठेवा आणि वाटेत सापडेल ते दुसरे उचलू नका. रिव्हरवुड गावाच्या वाटेवरील तीन शिळांपैकी जादूगाराची शिळा निवडा, म्हणजे जादूची कौशल्ये 20 टक्के वेगाने वाढतील. ही निवड पुढे केव्हाही बदलता येते. प्रत्येक लेव्हलचे 10 गुण काही काळ मॅजिकालाच द्या, आणि मार खायला पुढे लिडिया या साथीदार योद्धीला ठेवा, त्यासाठीच ती आहे. विध्वंसाचे (आगीसारख्या मारक मंत्रांचे) कौशल्य 40 वर गेले, की ‘इम्पॅक्ट’ हा पर्क घ्या. मग दोन्ही हातांनी मिळून सोडलेल्या फायरबोल्ट या आगीच्या मंत्राने समोरचा अडखळतो आणि जादूगाराचे खरे दिवस सुरू होतात. तोवर लोखंडी खंजिरांचा ढीग घडवून लेव्हल वाढवण्याच्या मोहात मात्र पडू नका, कारण लेव्हलबरोबर बरेचसे शत्रूही तगडे होतात आणि तुमचा मंत्र होता तिथेच राहतो.

एवढे करूनही पाय त्या पेटीकडेच वळत असतील, तर तुम्हाला नेमके काय आवडते हे तपासा. कारण लपणे आणि धनुर्विद्या ही दोन स्वतंत्र कौशल्ये आहेत. काही दिवस उघड्यावर उभे राहून बाण मारा, नंतर काही दिवस नुसता खंजीर घेऊन चोरपावलांनी फिरा. ‘असॅसिन्स ब्लेड’ या पर्कनंतर लपून केलेला खंजिराचा वार 15 पट बसतो, आणि पुष्कळांना तेव्हा प्रथमच कळते की आपल्याला धनुष्य नव्हे, तर अंधार आवडत होता.