‘मॅडम, वर्ष नुसतं हिंडण्यात गेलं’

गेल्या वर्षभरात समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की, समोरच्याने खुर्चीत बसून नजर चुकवली की पुढचं काय येणार ते कळतं. कधी बोलणारा एम.एस्सी.चा मुलगा असतो, कधी पीएच.डी. करणारी मुलगी. पुष्कळदा आईवडीलच येतात. “शिकायला घातलंय आणि हा दर रविवारी डोंगरावर!” आपल्या नाशिकला डोंगर उंबऱ्याशीच आहेत. पहाटे निघालं की उजाडताना अंजनेरीच्या पायथ्याशी. त्यामुळे ही तक्रार इथे जरा जास्तच येत असावी. परवा एकाच दिवशी दोन घरांतून आली, म्हणून सईबद्दल लिहायला बसले.

सई हे तिचं खरं नाव नाही. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत आणि लिहायला तिची परवानगी आहे. डिसेंबरात ती पहिल्यांदा आली. वय पंचवीस, रसायनशास्त्रात पीएच.डी.चं दुसरं वर्ष, वडील अंबडच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले. पहिली वीस मिनिटं ती वर्षाचा पाढा वाचत होती.

“फेब्रुवारीत नुसतं साल्हेर केलं. मग नुसतं हरिहर. ऑक्टोबरात एकटी हंपीला जाऊन आले, नुसतंच. पोहायला शिकले, पण त्याचं काय एवढं?”

“आणि प्रयोगशाळेत?”

“सात महिने एक रिअ‍ॅक्शन नीट होत नाहीये. यील्ड, म्हणजे शेवटी हाती येणारा पदार्थ, दहा टक्क्यांच्या वर जातच नाही. माझ्याबरोबरच्या मुलीचा पेपरही आला. माझ्याकडे फोटो आहेत फक्त.”

प्रामाणिकपणे सांगते, पहिल्या दोन भेटींत मीही तिची टाळाटाळ शोधायला गेले. “डोंगरावर जातेस तेव्हा कशापासून लांब जातेस?” असं विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. पण तिच्याकडे उत्तर तयार होतं. “कामापासून. मला माहितीये, मी पळपुटी आहे.” माझा प्रश्नही तिने स्वतःला मारायच्या छडीसारखा हातात घेतला. तेव्हा लक्षात आलं, की या मुलीने निकाल आधीच लावलाय आणि तिला माझी त्याखाली सही हवी आहे.

माझी घडण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर झाली. त्यांनी ही पद्धत १९५५ च्या सुमारास मांडली. तिचा गाभा मला कायम घरगुती वाटत आलाय. एखादी गोष्ट घडते, तिच्याबद्दल आपण मनात काहीतरी म्हणतो, आणि त्या म्हणण्यानेच निम्मा छळ होतो. मग ते म्हणणं खरं आहे का, ते पुराव्याने तपासायचं. समोरच्याची नुसती समजूत काढणं मला कधी पटलं नाही. समजूत दोन दिवस टिकते.

तिसऱ्या भेटीत मी तिला एक अट घातली. “साल्हेरबद्दल सांग. ‘नुसतं’ हा शब्द वापरायचा नाही.”

ती दोनदा अडखळली. मग सांगू लागली. वाघांबे गावातून पहाटे निघाले. साल्हेर आणि सालोटा यांच्या मधल्या खिंडीत पोचेपर्यंत उजाडलं. वारा असा की टोपी काढून हातात धरावी लागली. वर परशुरामाच्या देवळापाशी गेली आणि तिला एकदम रडू आलं.

“कशाचं रडू?”

ती बराच वेळ माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिली. “तिथे कुणी विचारत नव्हतं, किती टक्के झालं म्हणून.”

मी काही बोलले नाही. माझ्या कामात अशा वेळी गप्प बसता येणं मला फार उशिरा जमलं. आता जमतं आणि त्याचं मला समाधान आहे. कारण थोड्या वेळाने ती आपणहून पुढे म्हणाली, “घरी सांगितलं होतं, मैत्रिणीकडे राहिले म्हणून. जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले आले ना, त्यात साल्हेरही होता. बाबा मूळचे सटाण्याकडचे. टीव्ही बघताना म्हणाले, ‘आपल्या बागलाणातला किल्ला! राज्यात सगळ्यात उंच!’ आणि मी गप्प. १५६७ मीटर उंचीवर जाऊन आले होते मी, आणि मी गप्प.”

इतके दिवस मी कामाबद्दलच्या शरमेशी बोलत होते. पण ती ज्याची शरम बाळगत होती, तोच तिच्या वर्षातला सगळ्यात उजळ दिवस होता. पोरगी स्वतःचा आनंद चोरीच्या मालासारखा लपवत होती. आनंद लपवून ठेवला की त्याने माणसाला बळ येत नाही, उलट त्याचंही ओझं होतं. सईकडून मला हे नव्याने कळलं आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारते, “गेलास ते घरी कुणाला माहीत आहे?”

तरी पुरावा तपासायचा राहिलाच होता. सईकडे भटकंतीची एक वही आहे, लांबट, किराण्याच्या हिशेबाला वापरतात तसली. त्यात तारीख, किल्ला, सोबत कोण, खर्च किती, आणि डिंकाने चिकटवलेली एसटीची तिकिटं. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासूनची ती छोट्या आकड्यांची तिकिटं पाहून मला उगाच बरं वाटलं. दुसरी वही प्रयोगशाळेची. ती बाहेर नेता येत नाही, म्हणून तिने पानांचे फोटो आणले. तिथे रोजची नोंद तारखेनिशी करावी लागते. दोन्ही समोरासमोर ठेवल्या आणि मी म्हणाले, “प्रत्येक रविवारनंतरचा सोमवार काढ.”

अर्धा तास आम्ही दोघी तारखा लावत बसलो. भटकंतीच्या नोंदी बावीस. त्यातल्या सतरा वेळा सोमवारी सकाळी ती प्रयोगशाळेत होती, आणि नोंदी नेहमीपेक्षा लांब. साल्हेरनंतरच्या सोमवारी तर अडीच पानं, एका दिवसात पदार्थ शुद्ध करायचे दोन कॉलम. उरलेल्या पाच वेळा मात्र सोमवार कोरा, मंगळवार कोरा, एकदा थेट गुरुवार.

“हे पाच कुठले?”

तिने फोन उघडून मेसेज पाहिले. पाचही वेळा आदल्या आठवड्यात तिच्या पीएच.डी.च्या सरांनी आकडे मागितले होते. तिने उत्तर दिलं नव्हतं आणि सॅक भरली होती. त्या पाच सहलींचा एकही फोटो तिने ठेवला नव्हता, हेही तिलाच तेव्हा दिसलं.

ती हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. “म्हणजे मी बावीस वेळा नाही पळाले.”

“पाच वेळा पळालीस,” मी म्हणाले. “त्या पाचांचं काय करायचं ते बोलू.”

माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांना मी हेच सांगते. मूल किती वेळा गेलं हे मोजू नका, सोमवार बघा. भटकून आल्यावर अंग दुखत असूनही माणूस कामाला लागत असेल, जेवत-बोलत असेल, तर तो डोंगर त्याला लाभतोय. परतीच्या एसटीत बसल्याबसल्याच पुढची सहल ठरत असेल, सोमवारी अंथरूण सुटत नसेल, फोन उचलला जात नसेल, उसने पैसे घेऊन जाणं सुरू झालं असेल, तर तो पळतोय. तेव्हाही सॅक काढून घेऊ नका. ज्याच्यापासून पळतोय ते काम तसंच राहतं, आणि मोकळा श्वास घ्यायची एकमेव जागाही जाते. आणि झोप-भूक पार गेली असेल, जगण्यातच रस उरला नाही असं बोलणं येत असेल, तर सोमवारही मोजत बसू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालते.

मुलांना सांगते ते एवढंच, की उत्तर देऊन निघा. सईसाठी आम्ही हाच नियम केला. सरांचा मेसेज आलेला असेल तर आधी दोन ओळींचं उत्तर, मग सॅक. ‘यील्ड अजून दहाच आहे, सोमवारी भेटू का?’ एवढंसुद्धा पुरे. पहिलं उत्तर पाठवायला तिला चार दिवस लागले. सरांचं उत्तर आलं, “हो. अकराला ये.” सात महिने ती ज्याला घाबरत होती ते इतकंच होतं.

मग आईवडील आले. आईंचा सूर चढलेला. “सरकार फेलोशिप देतंय ती अभ्यासाला ना? आणि मुलीच्या जातीने एकटीने हंपी? चार लोक स्थळाचं विचारतात, त्यांना काय फोटो दाखवू, उड्या मारतानाचे?” वडील खिडकीबाहेर बघत होते.

मी आईंना विचारलं, “ताई, तुम्ही कधी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी केलीय?”

“म्हणजे काय? लग्न झाल्यापासून! तिसरा श्रावण सोमवार मी चुकवत नाही. रात्री कुशावर्तावर स्नान करायचं आणि निघायचं. पहिली अकरा वर्षं तर अनवाणी केली.”

“आणि मंगळवारी कसं असतं?”

“पाय सुजतात हो. पण...” त्या थांबल्या. “पण घरातलं काम भरभर उरकतं. त्या दिवशी कुणाचं बोलणं लागत नाही मला.”

सई आईकडे बघत होती. आईंनी तिच्याकडे पाहिलं नाही, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग सईने बाबांना साल्हेरचं सांगितलं. मैत्रिणीकडे राहिले म्हणाले होते ते खोटं होतं, हेही सांगितलं. आई काही बोलणार तेवढ्यात वडिलांनी विचारलं, “कुठनं चढलीस? वाघांब्याकडनं की साल्हेरवाडीकडनं?”

त्या तासातलं उरलेलं सगळं बोलणं बापलेकीचं झालं. सटाण्याच्या बाजूला लहानपण काढूनही ते वर कधी गेले नव्हते. माझी फारशी गरज उरली नव्हती. अशी गरज न उरणं मला माझ्या कामाचं यश वाटतं.

सगळं सुरळीत झालंय असं मी म्हणणार नाही. स्थळांचा विषय घरात अजून आहे, आणि एकटीने लांब जायला आईंचा विरोध आहे तो आहेच. त्यावर आम्ही अजून बोलतोय. गेल्या सोमवारी दुपारी सईचा मेसेज आला. “मॅडम, सरांना आकडे पाठवले. यील्ड चौदा. काल आईबाबांना पांडवलेण्यावर नेलं. बाबा दोनदा बसले मध्ये, आई नाही बसली.”