कारंजाजवळच्या घाण्याचं तेल गूगलवर का दिसत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूर-अमरावती हायवेला लागून, कारंजाजवळच्या खेड्यात लाकडी घाणा आहे. फल्ली (म्हणजे शेंगदाणा), जवस, तीळ, करडीचं तेल काढता. दोन वर्षांपूर्वी वेबसाइट करून घेतली, पण गूगलवर ती कुठंच सापडत नाही. आता नागपूरचा एक जण महिन्याला सहा हजार घेऊन 'पहिल्या पानावर पहिला नंबर, गॅरंटीनं' म्हणतोय. द्यावे का?

नका देऊ भाऊ. निदान आत्ता तर नकाच. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलनं आपल्या मदतीच्या पानांवर लिहून ठेवलंय. शिवाय तुमचं काम व्हायला जी माहिती लागते ती त्या माणसाकडं नाहीच. ती तुमच्या घाण्यावर आणि तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये पडून आहे.

मी तुमच्याच वर्धा जिल्ह्यातला, समुद्रपूर तालुक्यातला. वायगावची हळद दळून विकतो. या वेबसाइटच्या भानगडीत मी सगळ्या प्रकारची माती खाऊन झालोय, म्हणून लिहितो.

आधी एक गोष्ट तपासा. तुमची साइट मागं आहे की गूगलमध्ये मुळातच नाही? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गूगलच्या पेटीत रोमन अक्षरांत 'साइट' लिहा, त्याला चिकटून कोलन, आणि त्याला चिकटून तुमच्या वेबसाइटचा पत्ता. मध्ये जागा सोडू नका. तुमची पानं दिसली तर ठीक. काहीच आलं नाही, तर बहुतेक गूगलच्या दप्तरी तुमची नोंदच नाही.

माझी आठ महिने नव्हती. साइट बनवणाऱ्या पोरानं काम चालू असताना वर्डप्रेसच्या (ज्यावर साइट उभी केली त्या सॉफ्टवेअरच्या) 'सेटिंग्ज'मधल्या 'रीडिंग' पानावर, सर्च इंजिनांनी ही साइट घेऊ नये अशा अर्थाची एक चौकट आहे, तिच्यात टिचकी मारली होती. काम संपल्यावर ती काढायला तो विसरला. दुकानाचं उद्घाटन झालं, पेढे वाटले, आणि दारावर 'आत येण्यास मनाई' ही पाटी तशीच. ती चौकट रिकामी करायला दहा सेकंदं लागली. आठ महिने मी मात्र हळदीच्या फोटोंना दोष देत होतो.

मग 'गूगल सर्च कन्सोल' उघडा, म्हणजे आपली साइट गूगलला कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गूगलचंच साधन. फुकट आहे. साइट तुमचीच आहे हे तिथं सिद्ध करायचं, साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या सगळ्या पानांची यादी, द्यायचा, आणि महत्त्वाची पानं एकेक करून तपासायला टाकायची. गूगल येऊन पाहून जायला कधी दोन-चार दिवस, कधी काही आठवडे घेतं.

दुसरी शंका मला जास्त आहे. आपल्याकडं तालुक्याच्या ठिकाणी मराठीचं डीटीपी, म्हणजे छपाईची अक्षरजुळणी, अजूनही बरंचसं कृतिदेव या जुन्या फाँटात चालतं. त्यात इंग्रजी अक्षरांनाच मराठीचं रूप दिलेलं असतं. लग्नपत्रिका त्यातच, बारशाचं कार्ड त्यातच, आणि तुमच्या तेलाचं माहितीपत्रकही बहुतेक त्यातच झालं असणार. तो मजकूर तसाच वेबसाइटवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. त्यावर बनवणाऱ्यांची सोपी युक्ती म्हणजे अख्खं माहितीपत्रकच फोटो करून लावून द्यायचं. दिसायला छान, रंगीत, बैलाचं चित्र वगैरे. पण पानावर मजकूर म्हणून काहीच उरत नाही, आणि गूगलनं फोटोतली अक्षरं वाचून तुम्हाला वर न्यावं या भरवशावर बसता येत नाही. तपासायचं असं: मोबाइलवर आपल्या साइटवरच्या एखाद्या ओळीवर बोट दाबून धरा, ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. ओळ निवडताच आली नाही तर तो फोटो. पाठवल्यावर इंग्रजी चिवडा आला तर कृतिदेव. दोन्हींवर इलाज एकच, मजकूर युनिकोडमध्ये हवा, म्हणजे मोबाइलवर आपण मराठी टाइप करतो त्या पद्धतीत. कृतिदेवातून युनिकोड करून देणारी साधनं नेटवर फुकट मिळतात, पण त्यांनी बदललेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घाला. रफार आणि पहिली वेलांटी ती हमखास भलत्या अक्षरावर बसवतात.

आता मूळ मुद्दा. तुम्ही स्वतः प्रश्नात 'फल्लीचं तेल' लिहिलंय. विदर्भात तेच म्हणतात. पण तुमच्या साइटवर काय लिहिलंय? मी पैजेवर सांगतो, 'शुद्ध व नैसर्गिक शेंगदाणा तेल, आरोग्यदायी जीवनशैलीसाठी'. पुण्याचा माणूस शेंगदाणा तेल शोधतो, हे खरं. पण नागपूर, अमरावती, यवतमाळचा माणूस फल्ली तेल म्हणतो, आणि नागपुरात अर्धा बाजार हिंदीत बोलतो, त्याला मूंगफली तेल हवं असतं. तुमचं जवस तिकडं अलसी होतं. तीळ आपल्या बायकांच्या तोंडी तिल्ली असते. करडी कोणी करडई लिहितं. लाकडी घाणा, घाणी, कच्ची घानी, आणि वर हे सगळं रोमन अक्षरांत, ज्याला जसं सुचेल त्या स्पेलिंगनं! गूगल यातलं पुष्कळसं आपोआप जुळवून घेतं, पण सगळं नाही. विशेषतः मराठीच्या बोलीतलं तर नाहीच. फल्ली हा शब्द तुमच्या पानावर एकदाही नसेल, तर फल्ली शोधणाऱ्यासमोर तुम्हाला उभं करायला त्याच्याकडं कारण काय?

म्हणून एक वही घ्या आणि गेल्या सहा महिन्यांचे व्हॉट्सॲप मेसेज वाचत बसा. गिऱ्हाईक कोणत्या शब्दांत विचारतं ते जसंच्या तसं उतरवा. हे काम सहा हजारवाला करणार नाही, त्याला तुमचे मेसेज दिसतच नाहीत. मग तेच शब्द पानात नैसर्गिकपणे येऊ द्या. पानाच्या शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात, फोटोच्या वर्णनात. 'फल्ली तेल फल्ली तेल नागपूर फल्ली तेल वर्धा' अशी माळ मात्र ओवू नका, तिला गूगल स्पॅम समजतं. कोणी 'कीवर्ड टॅग' (पानामागं दडवलेली, फक्त सर्च इंजिनांसाठीची शब्दांची यादी) भरून देतो म्हणून वेगळे पैसे मागितले तर हसून सोडून द्या. गूगल तो टॅग पाहत नाही, असं त्यांनी २००९ सालीच जाहीर केलंय.

त्याच वहीत प्रश्नही सापडतील, आणि तेच खरं सोनं. मी स्वतः घाण्याचं तेल वापरतो. आमच्या घरी पहिल्यांदा डबा आला तेव्हा बायकोनं दुसऱ्याच दिवशी घाणेवाल्याला फोन लावला होता, "भाऊ, कढईत फेस येऊन राहिला ना जी, भेसळ तर नाही?" हा फोन तुम्हालाही आठवड्यातून दोनदा येत असेल. मग 'घाण्याच्या तेलाला फेस का येतो' या नावाचं एक पान लिहा. रिफाइंड करताना तेलातले चिकट पदार्थ काढून टाकलेले असतात, घाण्याच्या तेलात ते राहतात, म्हणून तापवल्यावर फेस येतो आणि डब्याच्या तळाशी गाळही बसतो. हे तुमच्या शब्दांत, तुमच्याच कढईच्या फोटोसकट. दुसरं पान दरावर: 'एवढं महाग का?' एक लिटर फल्ली तेलाला सुमारे अडीच किलो दाणे लागतात, हे आकड्यानं मांडलं की वाद मिटतो. जवसावर तिसरं. आपल्याकडं जुनी माणसं जवसाचं तेल फोडणीलाही वापरायची. ते तापवल्यानं लवकर बिघडतं, म्हणून ठेच्यावर कच्चं घ्यावं आणि गडद बाटलीत, थंड जागी ठेवावं, हे सांगा. कोलेस्टेरॉल घटतं, कॅन्सर बरा होतो असलं काही लिहू नका. ते कायद्यातही बसत नाही, आणि आरोग्याच्या दाव्यांबाबत गूगल जास्तच कडक असतं.

आणि एक पान असं आहे जे पुण्या-मुंबईचा कोणताही घाणेवाला तुमच्याइतक्या हक्कानं लिहू शकत नाही. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. त्याचं ठाणं वर्ध्याला, मगनवाडीत. तिथं बैलघाण्यावर प्रयोग होऊन जो सुधारलेला घाणा तयार झाला तो 'वर्धा घाणी' म्हणूनच ओळखला जातो. तुम्ही वर्धा जिल्ह्यात घाणा चालवता आणि साइटवर याची एक ओळ नसावी? एकदा तिथल्या मगन संग्रहालयात जाऊन या, फोटो काढायला परवानगी असेल तर काढा, आणि आपल्या घाण्याशी ताडून दोन परिच्छेद लिहा.

आता गावाच्या नावाकडं येतो. तुमचा प्रश्न वाचताना आधी मी वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड समजलो होतो. हायवेचा उल्लेख आला तेव्हा कळलं की हे आपलं कारंजा (घाडगे). मी वर्धा जिल्ह्यातला असून फसलो, तर गूगलचं काय? नुसतं कारंजा टाकलं की नृसिंह सरस्वतींचं कारंजा येणार, उरणचं करंजा येणार. आणि तुमच्या बाबतीत याहून मोठी गंमत आहे. रोमन लिपीत कारंजा आणि करंज यांच्यात फरकच राहत नाही. तुमच्या साइटचं नाव 'कारंजा ऑइल' छापाचं असेल, तर तुम्ही करंजाच्या बियांच्या तेलाच्या रांगेत उभे आहात. ते कडू, न खाण्याचं तेल, फवारणीला वापरतात. फल्ली तेल घ्यायला निघालेला माणूस तिथं तुम्हाला शोधणार नाही, आणि फवारणीवाला तुमच्याकडून डबा घेणार नाही! म्हणून प्रत्येक पानावर 'कारंजा (घाडगे), जिल्हा वर्धा' असं पूर्ण लिहा. नाव बदलता येत असेल तर बदला. न जमल्यास शीर्षकात 'लाकडी घाणा' आणि 'खाद्यतेल' हे शब्द तरी घाला.

माझंही तेच झालं होतं. हळदीचं वायगाव म्हणजे आमचं वायगाव (हळद्या). २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते या हळदीला. पण वर्ध्याला लागून वायगाव (निपाणी) आहे, आणि मी नकाशावर नुसतं वायगाव लिहिलेलं. नागपूरहून गाडी करून आलेलं एक कुटुंब भर उन्हात निपाणीत जाऊन विचारत फिरलं. तिथल्या पानठेल्यावाल्यानं त्यांना रसगुल्ल्यासारखं गोड बोलून परत पाठवलं, ते माझ्याकडं आलेच नाहीत.

तर 'गूगल बिझनेस प्रोफाइल', म्हणजे गूगलच्या नकाशावरची तुमच्या धंद्याची नोंद, काढा. पूर्वी याला 'गूगल माय बिझनेस' म्हणायचे. तुमच्यासारख्या धंद्याला मी वेबसाइटच्या आधी हेच करायला सांगेन, कारण हायवेवरून जाणारा माणूस 'जवळ घाण्याचं तेल' असं नकाशावरच विचारतो. तिथं कोण वर दिसतं, याला गूगल तीन कारणं सांगतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा संबंध किती, अंतर किती, आणि तुमचा लौकिक किती. पैसे भरून तो क्रम बदलत नाही, हेही तेच सांगतात. धंदा खरंच तिथं आहे याची पडताळणी आता बहुधा व्हिडिओनं मागतात. मग पाटी, आजूबाजूचा रस्ता आणि चालू घाणा एका दमात दाखवा. खेड्यात रस्त्याला नाव नसतं, गट नंबर लिहून कोणी पोचत नाही. त्यापेक्षा पिन बरोबर घाण्यावर ठेवा, नकाशातला प्लस कोड (त्या नेमक्या जागेचा अक्षर-आकड्यांचा छोटा पत्ता) उचला आणि पत्त्यासोबत द्या.

अभिप्राय मागा, अवश्य मागा, पण 'पाच स्टार द्या, पाव लिटर फुकट न्या' हे गूगलच्या नियमात बसत नाही. डबा देताना क्यूआर कोडची चिठ्ठी चिकटवा, तेवढं पुरे. वाईट अभिप्राय आला तर भांडू नका, फेसाच्या पानाचा दुवा शांतपणे द्या.

दुव्यांचं म्हणाल तर हजार रुपयांत पाचशे बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून तुमच्या साइटकडं येणारे दुवे, विकणारे भेटतील. असल्या प्रकारांवर गूगलनं २०१२ मध्येच 'पेंग्विन' नावानं बडगा उगारला होता. तुमचे डबे ज्या दुकानात ठेवले जातात किंवा ज्या शेतकरी उत्पादक कंपनीकडून दाणे घेता, त्यांच्या साइटवर तुमचं नाव आलं तर तो दुवा खरा.

वेगाबद्दल फार सांगत नाही. गूगल साइटचं मोबाइलवरचं रूपच धरतं, आणि कॅमेऱ्यातून काढलेले पाच-पाच एमबीचे फोटो खेड्यातल्या नेटवर उघडत नाहीत. ते लहान करून टाका. पानाचा पत्ता मात्र रोमनमध्ये आणि छोटा ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची आगगाडी होते आणि लोक व्हायरस समजून उघडतच नाहीत. हिंदी पान हवं असेल तर नागपूरच्या एखाद्या ओळखीच्याकडून लिहून घ्या. मशीननं भाषांतर केलेली शंभर पानं ओतू नका.

हे सगळं करून फळ दिसायला चार-सहा महिने धरा. माझ्याकडं पहिली अनोळखी ऑर्डर पाचव्या महिन्यात आली, छिंदवाड्याहून, दोन किलोची.

आणि हो, उद्या सकाळी घाणा सुरू करायच्या आधी एवढं विचारून घ्या की डोमेन, म्हणजे तुमच्या वेबसाइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे. माझं साइट बनवणाऱ्या त्या पोराच्या नावावर होतं. मुदत संपली, तेव्हा तो बंगळुरूला नोकरीला लागला होता आणि फोन उचलत नव्हता.