आजोबा वैतागत नाहीत का?

प्रिय सई,

प्रयोग पुन्हा फसला, रूममेटशी बोलणं बंद आहे, कशातच मन लागत नाही, असं लिहिलंयस. आणि खाली विचारलंयस की आजोबांची द्राक्षबाग इतक्यांदा गेली, तरी ते कधी वैतागलेले का दिसत नाहीत? आपल्याकडची माणसं सगळं आतच दाबून ठेवतात का?

वैतागतात गं, खूप वैतागतात. तू त्यांना जून-जुलैत भेटतेस. बागेची खरी परीक्षा त्यानंतर असते.

२०१९ चं सांगतो. ऑगस्टात कृष्णेला महापूर आला. तासगावकडचं आपलं रान नदीपासून लांब, पण सांगलीतल्या आत्याच्या घरात पाणी शिरलं आणि ती मुलाबाळांसह आपल्याकडे आली. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात, फळछाटणी होऊन बागा फुलोऱ्यात येत होत्या तेव्हा अवकाळी पाऊस हटेना. डावणी, म्हणजे बुरशीचा रोग, आली, घड कुजले, मणी गळाले. थोडाफार माल वाचला, तर तो विकायच्या वेळेला, मार्च २०२० मध्ये, लॉकडाऊन. व्यापारी फिरकलेच नाहीत. शेवटी आजोबांनी द्राक्षं शेडवर टाकून बेदाणा केला.

त्या पावसाच्या दिवसांत ते ताटावरून उठून जायचे. मी इथून फोन केला की "ठेव आता" म्हणायचे. आजी काही विचारायची नाही, पण शेजारच्या आबांना निरोप जायचा. आबा संध्याकाळी येऊन ओट्यावर बसायचे. बागेचं कुणी काढायचं नाही. कुणाची म्हैस व्याली, पाऊस कुठवर आहे, असलंच बोलणं. चहा व्हायचा. मग कधीतरी आजोबाच म्हणायचे, "औषधाचेसुद्धा पैसे निघत नाहीत बघ." आबा नुसते "व्हय" म्हणायचे. आपल्याकडचं मन मोकळं करणं असं असतं, म्हणून ते तुला दिसलं नाही.

आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे माल निघाल्यावर वेली मागं छाटणं, आलीच. ती टाळता येत नाही, कारण पुढच्या हंगामाचे घड नव्या काडीच्या डोळ्यांत उन्हाळ्यातच तयार होतात. बाहेरून काही दिसत नाही, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फूट निघते तेव्हा कळतं. मन लागो न लागो, सकाळी कात्री घेऊन रानात जावंच लागतं. त्या वर्षी आजोबांना त्यानंच उभं केलं, असं मला वाटतं.

पण पुरुषमाणसानं सोसावं, घरातलं बाहेर बोलू नये, ही आपली रीत मात्र घेऊ नकोस. मला ती कधीच पटली नाही. कर्जात बुडालेली माणसं गप्प राहिली आणि घरच्यांना फार उशिरा कळलं, असं आपल्याही भागात झालंय. ऑक्टोबर २०२२ पासून तिकडे सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आजीच्या फोनमध्ये मी तो नंबर घालून दिलाय. तुझ्या विद्यापीठात समुपदेशक आहेत, या आठवड्यात वेळ घेच.

आणि रविवारी आजोबांना फोन कर. "कसे आहात" विचारलंस तर "बरंय" म्हणून आजीकडे देतील. सबकेन, म्हणजे नव्या काडीचा शेंडा खुडल्यावर निघणारी फूट, कुठवर आली ते विचार, आणि तुझा प्रयोग नेमका कुठं अडतोय ते सांग. त्यांना ते सगळं कळणार नाही, तरी ऐकतील.

रूममेटचं काय बिनसलं, ते मला सविस्तर लिही.

तुझा,
बाबा